खुंटाचा गुलाब

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडापासून चार पावलांवर, एक गुलाबी गुलाब आहे. त्याची फुले मोठी नाहीत. पूर्ण उमललेले फूल माझ्या ओंजळीत तीन-चार सहज मावतील एवढेच असते. पाकळ्या पातळ आणि मऊ, मधोमध जरा चुरगळल्यासारख्या दाटीवाटीने बसलेल्या, आणि बाहेरच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी दुपारी फिक्या पडून गळायला लागतात. फुलदाणीत हे फूल दीड दिवससुद्धा नीट राहत नाही. परंतु सकाळी मागचे दार उघडले की फूल दिसायच्या आधी त्याचा वास येतो, आणि त्या वासासाठी मी वर्षाहून अधिक काळ सांगली-मिरजेच्या रोपवाटिका पालथ्या घातल्या होत्या. हे झाड मी लावलेले आहे असे म्हणता येईल आणि नाही असेही म्हणता येईल. ते कसे आले हे सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे माहेर सांगलीच्याच गावभागातले, कृष्णेच्या घाटापासून फार लांब नसलेले. जुने, दोन सोप्यांचे घर, मागे फरशी न घातलेले अंगण आणि न्हाणीचे पाणी जिथून बाहेर पडे त्या कडेला गुलाबाचे झुडूप. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा ते झुडूप आधीच तिथे होते. आजीने हरिपुराहून, आपल्या माहेराहून, आणलेल्या काडीचे ते झाड होते असे आई सांगते. त्याला कोणी नाव दिलेले नव्हते. जास्वंद, प्राजक्त, अनंत या सगळ्यांना नावे होती आणि या झाडाला नुसते ‘गुलाब’ म्हणत, कारण दुसरा गुलाब घरात नव्हताच. आम्ही मुले मोठी झाल्यावर बाजारात मोठमोठे, लांब दांड्यांचे गुलाब दिसू लागले, तेव्हापासून तो ‘आपला गुलाब’ झाला.

आईचा एक नियम कडक होता. फुले तोडायची ती ऊन अंगणात उतरायच्या आत. थंडीत आम्हांला ते फार जिवावर येई, पण आठ वाजून गेल्यावर तोडलेली फुले ती देवाला वाहायला घेत असे, गुलकंदाच्या बरणीसाठी मात्र कधीच घेत नसे. या नियमामागचे कारण मला पुष्कळ पुढे वाचनातून कळले. गुलाबाचा वास हा एका द्रव्याचा नसतो; जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, फेनिल इथेनॉल अशी अनेक उडून जाणारी द्रव्ये त्यात एकत्र असतात, ती पाकळ्यांमध्ये तयार होतात आणि ऊन चढू लागले की हवेत निघून जातात. म्हणून अत्तरासाठी गुलाब लावणारे शेतकरीही पहाटेपासून तोडणीला लागतात. त्यांतले फेनिल इथेनॉल पाण्यात चांगले विरघळते, त्यामुळे ऊर्ध्वपातनात ते बहुतांशी गुलाबपाण्यात उतरते आणि अत्तरात थोडेच येते. गुलाबपाण्याचा आणि गुलाबाच्या अत्तराचा वास एकसारखा का लागत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे. एक किलो अत्तरासाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात, हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला संक्रांतीच्या हळदीकुंकवातली अत्तरदाणी आठवली आणि मनगटावर लावलेल्या त्या ओल्या बोटाचे मोल तेव्हा कळले.

गुलाब हा शब्दच मुळी पाण्याचा आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी, आणि ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येता येता पाण्याचे नाव फुलाला लागले आणि मग पाण्यासाठी आपल्याला ‘गुलाबपाणी’ असा, पाणी दोनदा येणारा शब्द करावा लागला. मला हे फार आवडते, कारण ज्यांनी फुलाला हे नाव दिले त्यांना त्याचा रंग नव्हे, आकार नव्हे, तर पाण्यात उतरणारा त्याचा वास महत्त्वाचा वाटला होता. ‘गुलकंद’ही तसाच, ‘गुल’ आणि ‘कंद’ म्हणजे साखर, या दोन शब्दांचा. आईच्या घरी गुलकंद दर वर्षी होत असे, पण तो पुढे येईल.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या माणसाला आयर्विन पुलाची पातळी पाठ असते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या महापुरात आमच्या माहेरच्या अंगणाच्या पायरीपर्यंत येऊन पाणी थांबले होते, त्या भरवशावर भाऊ आणि वहिनी शेवटपर्यंत घरात राहिले आणि मग आईला घेऊन, कपड्यांच्या दोन पिशव्या आणि देवांचा डबा एवढेच बरोबर घेऊन माझ्याकडे आले. विश्रामबागेत पाणी येत नाही. आम्ही सगळे एका घरात, वीज नाही, पिण्याच्या पाण्याच्या रांगा, आणि दिवसभर फोनवर एकच चौकशी, अजून किती वाढले. तिसऱ्या दिवशी आईने विचारले, “गुलाबाच्या वर गेलं असेल का गं पाणी?” त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणी उत्तर दिले नाही. ज्यांच्या घरात गहू, गाद्या, कागदपत्रे, मुलांची पुस्तके पाण्याखाली होती त्यांच्यात बसून गुलाबाविषयी बोलणे आम्हांला अवघड वाटले. आज वाटते, बोलायला हवे होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही घर पाहायला गेलो. अंगणात घोट्याच्या वर बुडेल एवढा गाळ होता, गुळगुळीत आणि करडा, आणि त्याचा कुजका वास घरभर भरला होता. झुडूप उभे होते. पाने काळी पडून फांद्यांना चिकटली होती, पण फांदीची साल नखाने खरवडली तर आत हिरवे दिसत होते, आणि त्यामुळे आम्हांला आशा वाटली. ती खोटी होती. झाडाची मुळे मातीतल्या पोकळ्यांमधली हवा घेऊन जगतात; त्या पोकळ्या आठवडाभर पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरून कुजू लागतात, आणि वर फांदीतला हिरवेपणा साठलेल्या ओलाव्यावर आणखी काही दिवस टिकून राहतो. त्याच वेळी, पहिल्याच दिवशी, आठ-दहा काड्या कापून वाळूत खोचल्या असत्या तर एखादी तरी लागली असती. त्या दिवशी आम्ही गाळ उपसत होतो. दिवाळीच्या आधी वहिनीने बुंधा हलवून पाहिला तर तो हातात आला.

इतक्या वर्षांत त्या झाडाच्या काड्या कोणाला दिल्या नव्हत्या असे नाही. शेजारी दिल्या होत्या, पण तेही घर पाण्यात होते. मावशीला दिली होती, तिने घर विकले. माझ्या स्वतःच्या बागेसाठी काडी न्यावी हे मला पंचवीस वर्षांत सुचले नव्हते, कारण गुलाब गावभागात होता आणि गावभाग वीस मिनिटांवर होता.

मग शोध सुरू झाला. रोपवाटिकेत जाऊन ‘गावठी गुलाब आहे का’ असे विचारले की कोणी नाही म्हणत नाही. गावठी हे कुठल्या एका जातीचे नाव नाही. जो गुलाब कलमाचा नाही, जो जुना आहे, ज्याची फुले झुपक्याने येतात आणि ज्याला वास आहे अशी आपली समजूत आहे, त्या सगळ्यांना आपण गावठी म्हणतो. डिसेंबर २०१९ मध्ये मला गावठी म्हणून जे रोप मिळाले त्याला दोन महिन्यांनी फिक्या गुलाबी रंगाची देखणी फुले आली, आणि त्यांना काहीही वास नव्हता. दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या रोपाला वास होता, पण तो चहाच्या कोरड्या पत्तीसारखा, आणि फुलाच्या अगदी जवळ नाक नेल्यावरच येणारा. तिसरे रोप पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी गेले. मिरजेला दर्ग्याच्या परिसरात चादरीवर वाहण्यासाठी सुटी गुलाबाची फुले मिळतात. त्यांत आपला वास सापडतो का हे पाहायला मी एकदा सकाळी मुद्दाम गेले. टोपलीत तो वास होता, पुसट, पण होता. फुलवाल्या बाईंनी सांगितले की माल बाजारातून येतो, शेत कोणाचे ते त्यांना माहीत नाही.

बिनवासाचे गुलाब इतके का झाले, याचे उत्तर पैदाशीच्या इतिहासात आहे. १८६७ साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाब आला आणि त्याच्यापासून हायब्रीड टी हा आधुनिक गुलाबांचा वर्ग सुरू झाला असे मानतात. त्या वर्षाआधीच्या वर्गांना जगभरातले गुलाबप्रेमी ‘जुने गुलाब’ म्हणतात. ‘ला फ्रान्स’ स्वतः चांगला सुगंधी होता. पुढे मात्र पैदासकारांनी निवड करताना पाहिले ते लांब दांडी, टोकदार कळी, गडद रंग आणि तोडल्यानंतर फूल किती दिवस टिकते ते. ज्या गुणाकडे कोणी पाहत नाही तो गुण पिढ्यांमागून पिढ्या निवडीतून गळत जातो. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले की गुलाबात जिरॅनिऑल तयार होण्यासाठी एक विशिष्ट विकर (एन्झाइम) लागते, आणि वास नसलेल्या जातींमध्ये त्याचे काम जवळपास बंद पडलेले असते. दुकानातल्या डच गुलाबांविषयी माझे मत चांगले नाही, आणि ते या माहितीने बदललेले नाही. गुलाबाला वास नसणे हे मला उसाला गोडी नसण्यासारखे वाटते.

२०२१ च्या फेब्रुवारीत मी शोध थांबवला आणि एका रोपवाटिकेतून गडद लाल फुलांचे एक कलमी रोप आणले. ते सुंदर होते यात शंका नाही. मागच्या दाराजवळ खड्डा खणून मी ते जमिनीत लावले. रोपवाटिकेतल्या दादांनी मला कलमाचा जोड दाखवला, बुंध्यावर बोटभर उंचीवर आलेली गाठ, आणि बजावून सांगितले, “ताई, या गाठीच्या खालून जे काही फुटेल ते जंगली. दिसलं की काढायचं, नाहीतर वरचं कलम जाईल.” ओळखायची खूणही सांगितली, की जंगली फुटव्याच्या पानाला सात पर्णिका असतात आणि कलमाच्या पानाला पाच. खूण अगदी पक्की नाही, हे मला आता ठाऊक आहे. एकाच झाडावर पाच आणि सात पर्णिकांची पाने सापडतात. त्या वेळी मात्र मी मोजत असे. दर पंधरा दिवसांनी खाली वाकून, माती बाजूला सारून, फिकट हिरवा, बारीक काट्यांचा कोवळा फुटवा दिसला की तो मुळाशी धरून खाली ओढून काढत असे. दोन वर्षांत असे पंचवीस-तीस फुटवे तरी मी काढले असतील.

कलम करतात ते असे. आधी खुंटाच्या, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या, गुलाबाच्या काड्या जमिनीत लावून त्यांना मुळे फोडून घेतात. मग त्या काडीच्या सालीवर धारदार चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात, साल हलकेच उचलून तिच्या आत हव्या असलेल्या जातीचा एक डोळा सरकवतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. डोळा जीव धरून फुटू लागला की खुंटाचा वरचा सगळा भाग छाटून टाकतात. त्यानंतर त्या झाडाची मुळे एका गुलाबाची आणि फुले दुसऱ्या गुलाबाची. खुंटाने माती धरायची, पाणी ओढायचे, वरच्याला पोसायचे. त्याचे स्वतःचे फूल कोणाला कधी दिसत नाही, कारण फुलण्याइतका त्याला वाढूच दिलेला नसतो. डोळा भरण्याला मी नावे ठेवत नाही, ती उत्तम विद्या आहे आणि तिच्यामुळे अनेक नाजूक जाती आपल्या मातीत जगतात. फक्त खुंट हा कोणता तरी गुलाब असतो, त्याला स्वतःचे फूल असते, हे इतकी वर्षे मला कधी सुचले नव्हते.

मे २०२३ मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मी अठरा दिवस पुण्याला होते. घरी पाणी घालायला सांगितले होते आणि ते घातलेही गेले, पण त्या वर्षीचे ऊन झाडाला सोसले नाही. मी परत आले तेव्हा लाल गुलाब वरून वाळत आला होता. फांद्या शेंड्याकडून तपकिरी होत खाली उतरत होत्या. मी छाटत गेले, छाटल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डोपेस्ट लावली, पण वाळणे थांबेना, आणि जूनअखेर ते जोडाच्या गाठीपर्यंत पोहोचले. ते उपटून टाकायचे राहून गेले, एवढेच खरे. नातीच्या येण्याने घर भरले होते आणि मागच्या अंगणात जायला कोणाला वेळ नव्हता.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. जुलैच्या शेवटी मी धुणे वाळत घालायला गेले तेव्हा वाळक्या बुंध्याच्या खालून तीन फुटवे कमरेइतके वर आलेले दिसले. हात सवयीने खाली गेला. पहिला फुटवा धरला, आणि मग वाटले, वर आता कोण उरले आहे ज्याच्यासाठी हा काढायचा? सोडून दिला. मनात एवढेच होते की काही नाही तर हिरवे तरी दिसेल.

निज श्रावणातल्या एका सकाळी, रात्रभर पडलेला पाऊस नुकताच थांबला होता आणि मी दूध तापत ठेवून मागचे दार उघडले. वास आला. मला तो ओळखायला जरासुद्धा वेळ लागला नाही, मात्र तो कुठून येतो आहे हे काही केल्या कळेना, कारण त्या बाजूला वास येईल असे काहीच नव्हते. शेजाऱ्यांच्या अंगणात पाहिले. अनंताकडे पाहिले, तो तर कधीच ओसरून गेला होता. मग त्या फुटव्याच्या शेंड्याला, पावसाच्या ओझ्याने भिंतीकडे कलंडलेला चार कळ्यांचा झुपका दिसला आणि त्यांतली एक कळी रात्रीतून उमललेली. गुलाबी, वाटीसारखी, मधोमध चुरगळलेली. पाकळीवर पाण्याचा थेंब होता, तो मी बोटाने टिपून हुंगला. दूध उतू गेले.

मी जे दोन वर्षे निगुतीने उपटत होते ते हे होते.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचले. आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्ये खुंट म्हणून जे गुलाब वापरतात त्यांत एक एडवर्ड गुलाब. मला वाटे, इंग्रज राजाचे नाव असणार. ते तसे नाही. हिंदी महासागरात रियुनियन नावाचे बेट आहे, पूर्वी त्याचे नाव बूर्बाँ होते. तिथले शेतकरी शेताच्या कुंपणाला गुलाब लावत, एक चीनचा आणि एक दमास्क, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या कुंपणांतून या दोघांच्या आपोआप झालेल्या संकरातून एक नवे झाड निपजलेले आढळले. तिथे त्याला ‘रोझ एदुआर’ म्हणत. त्याचे बी पॅरिसला गेले आणि त्यातून युरोपात बूर्बाँ गुलाबांचा मोठा वंश निघाला. आपल्याकडे एदुआरचा एडवर्ड झाला, कन्नडचे शब्द मराठीत येताना जसे आपल्या तोंडाला येतील तसे होतात, तसाच.

त्याच्या आईबापांकडे पाहिले की सांगलीत तो का रमतो हे उलगडते. अत्तराचा खरा राजा म्हणजे दमास्क गुलाब. तो उत्तरेत, हाथरस-अलीगढच्या बाजूला आणि राजस्थानात पुष्करजवळ होतो, पण त्याला हिवाळ्याची चांगली थंडी लागते आणि तो मुख्यतः वसंतात एकदाच बहरतो, म्हणून त्याला तिकडे चैती गुलाब म्हणतात. सांगलीची थंडी त्याला पुरत नाही. एडवर्डने दमास्ककडून वास घेतला आणि चीनच्या गुलाबाकडून पुन्हा पुन्हा फुलण्याचा स्वभाव घेतला. त्याच्यात अत्तर दमास्कइतके उतरत नाही, पण तो बाराही महिने थोडाफार फुलत राहतो, काडीपासून सहज लागतो, आणि या दुसऱ्या गुणामुळेच त्याला खुंटाच्या कामाला लावले गेले.

पहिला झुपका पूर्ण फुलला तेव्हा भाऊ आईला घेऊन आला. तिला मी काही सांगितले नव्हते, फक्त मागच्या अंगणात खुर्ची टाकली होती. आईने फूल हातात घेऊन प्रथम उलटे केले आणि देठाजवळची हिरवी दले पाहिली, मग फांदीवरून बोट फिरवले, आणि सगळ्यांत शेवटी वास घेतला. “वास तोच आहे,” ती म्हणाली. “पण आपल्याला काटे कमी होते.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “पाकळ्या वाळव. बरणीत कळेल.”

म्हणून गुलकंद केला. आईची पद्धत मी लहानपणापासून पाहिलेली होती, पण स्वतःच्या हाताने कधी केली नव्हती. पाकळ्या धुवायच्या नाहीत. कीटकनाशक मारलेल्या झाडाच्या असतील तर घ्यायच्याच नाहीत. फूल झटकून पाकळ्या सोडवायच्या, खालचा पांढरा भाग कडवट असतो तो चिमटीने काढायचा, आणि सुपात पसरून सावलीत तासभर ठेवायच्या, म्हणजे वरचे दव जाते. मग तेवढ्याच वजनाची कुटलेली खडीसाखर. आई जरा जास्तच घेते. काचेच्या बरणीत तळाला साखर, वर पाकळ्या, पुन्हा साखर, असे थर देऊन तोंडाला फडके बांधायचे आणि बरणी उन्हात ठेवायची. एका झाडाची फुले एकदम पुरत नाहीत, म्हणून रोजच्या रोज ओंजळभर पाकळ्या आणि त्यावर साखर अशी बरणी दिवाळीपर्यंत भरत गेली. पहिल्या चार दिवसांत पाकळ्या खाली बसतात आणि साखरेला पाणी सुटते; आठव्या-दहाव्या दिवशी गुलाबी रंग जाऊन मातकट रंग येतो, तेव्हा नवशिक्याला वाटते की बिघडले. कोरड्या डावाने वरखाली करत राहायचे. तीन-चार आठवड्यांत तो तांबूस-तपकिरी होतो, चकाकतो आणि पाकळी जिभेवर विरघळते. बाजारच्या मोठ्या गुलाबांच्या पाकळ्यांचा मी एकदा प्रयोग केला होता. महिना झाला तरी त्या चिवटच राहिल्या, साखरेत ठेवलेल्या कागदासारख्या.

आईने चमच्याच्या टोकावर घेऊन तो चाखला. तिने हो किंवा नाही असे काही म्हटले नाही. बरणी मात्र ती गावभागात घेऊन गेली.

हा आजीच्या माहेरचाच गुलाब आहे का, हे सिद्ध करायला आता माझ्याकडे काही नाही. काट्यांविषयी आईची आठवण चुकत असेल किंवा बरोबर असेल; जुन्या झाडाच्या जून फांदीवर काटे झडून विरळ दिसतात हेही खरे आहे आणि ते मी तिला सांगितलेही. ती म्हणाली, “असेल.” मी त्या उत्तरावर समाधान मानले आहे.

ज्यांना हा गुलाब लावायचा आहे त्यांच्यासाठी आमच्या मातीविषयी थोडे. सांगलीची काळी माती कसदार आहे, पण ती पाणी धरून ठेवते आणि आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. त्यामुळे गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, पण अशा मातीत ते झाडाला घेता येत नाही. मी झाडाभोवती वीतभर उंच वाफा केला, मातीत मुरूम, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळले, आणि महिन्यातून एकदा चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पाण्यातून देते. निंबोळी पेंड वर्षातून दोनदा. मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढते, औषध मारत नाही, कारण पाकळ्या बरणीत जायच्या असतात. पावसात काळे ठिपके येतात, ती पाने वेचून टाकते. झाड त्याने मरत नाही. छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. त्यानंतर साधारण ४५ दिवसांनी मोठा बहर येतो, तो थेट दत्तजयंतीच्या आसपास. आणि हो, याला जोड नाही. खालून फुटलेला फुटवाही याचाच, तो काढायचा नाही. माझा हात अजूनही अधूनमधून खाली जातो.

गेल्या ऑक्टोबरात छाटणीतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या बारा काड्या निवडल्या. प्रत्येक वीतभर लांब, खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरका, वरचा डोळ्याच्या वर सरळ, आणि उलटी खोचली जाऊ नये म्हणून वरच्या टोकाला मेण. वाळू आणि कोकोपीट भरलेल्या पिशव्यांत त्या सावलीला ठेवल्या. पाच वाळल्या. सात फुटल्या. दोन शेजारी दिल्या, एक मुलीने पुण्याला गॅलरीत नेली, एक मिरजेला दर्ग्याजवळच्या त्या फुलवाल्या बाईंना नेऊन दिली, त्यांच्या घरी मागे जागा आहे असे त्या म्हणाल्या होत्या. एक माझ्याकडे राहिली.

उरलेल्या दोन वहिनीने नेल्या. कुठे लावल्या हे पाहायला मी मागच्या आठवड्यात गेले होते. एक न्हाणीच्या कडेला, जुन्या जागी, आईने सांगितले म्हणून. दुसरी वहिनीने जिन्याच्या वरच्या पायरीपाशी, गच्चीच्या दाराजवळ, मोठ्या कुंडीत लावली आहे. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची करडी रेघ अजून दिसते. कुंडी तिच्या पाच फूट वर आहे.